बँडवर ठोके चुकीचे दिसतात? आधी दोन बोटं मनगटावर ठेवा

सोलापुरातल्या नवी पेठेत माझं मोबाईल-घड्याळ दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून चार-पाच जण तरी फिटनेस बँड नाहीतर स्मार्टवॉच काउंटरवर ठेवून एकच तक्रार सांगतात, "ठोके बरोबर दाखवत नाही." यातले बहुतेक बँड मी काही दुरुस्ती न करताच परत देतो. पैसेही घेत नाही. पट्टा वर सरकवून दिला आणि मागची काच पुसली, याचे कसले पैसे घ्यायचे? पण उन्हाचं कुणी होटगी रोडवरून, कुणी जुळे सोलापुरातून येतं, पार्किंगला जागा शोधतं आणि पाच मिनिटांत परत जातं, त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून दुकानात मी ज्या क्रमाने बघतो, तो क्रम इथे लिहून ठेवतोय. फुकटातलं आधी, खर्चाचं शेवटी.

तुमचा बँड नक्की काय करतोय?

"बरोबर दाखवत नाही" यात सात वेगवेगळ्या तक्रारी येतात. तुमची कुठली ते बघा.

- आकडाच येत नाही. नुसत्या दोन रेघा दिसतात, किंवा मोजत मोजत राहतो आणि शेवटी 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणतो.
- चालायला किंवा पळायला लागलं की आकडा एकदम १६०-१७० वर जातो.
- उलटं: धाप लागलीय, घाम गळतोय आणि बँड म्हणतो ८२.
- आकडा गोठलेला. सकाळपासून ७४ म्हणजे ७४.
- मोबाईलवरच्या आलेखात भगदाडं. रात्री दोन ते पाच काहीच नाही.
- बँडवर आकडा दिसतो, मोबाईलवर येत नाही.
- मागची हिरवी लाईटच लागत नाही.

यातली शेवटची तक्रार असेल तरच बँड बिघडल्याची शंका मला लगेच येते. बाकी सहांना मी पहिला प्रश्न विचारतो, "कधी होतं?" फक्त चालताना, फक्त पहाटे, फक्त कारखान्यात, की चोवीस तास? निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

पहिलं काम बँडचं नाही, बोटांचं

बँड चुकतोय हे तुम्ही कशावरून ठरवलं? बहुतेक जण म्हणतात, "मला बरं वाटतंय की, मग १२० कसे?" किंवा "माझ्या मित्राच्या हातात घातला तर वेगळाच आकडा आला." मित्राचे ठोके वेगळे असणारच.

पाच मिनिटं खुर्चीत शांत बसा. नुकताच चहा झाला असेल, मावा तोंडात असेल किंवा जिना चढून आला असाल तर अर्धा तास जाऊ द्या. डावा तळहात वर करून मांडीवर ठेवा. अंगठ्याच्या मुळापासून मनगटाकडे या. हाडाच्या कडेला एक खोलगट जागा लागते, तिथे उजव्या हाताचं पहिलं आणि मधलं बोट हलकं टेकवा. दाबू नका, जोरात दाबलं की नाडी हरवते. अंगठ्याने मोजू नका, कारण अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि तुम्ही तीच मोजत बसाल. भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर तीस सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके एकसारखे लागत नसतील तर पूर्ण मिनिट मोजा.

नाडी सापडत नसेल तर कपाटातला कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर काढा. २०२०-२१ मध्ये घेतलेला तो डबा अजून बऱ्याच घरांत पडून आहे. सेल बदला (जुने सेल आत गळलेले असतात, आधी बघा), नेलपॉलिश असेल तर काढा आणि बोट गार असेल तर चोळून गरम करा. घरातलं बीपीचं मशीनही खाली नाडीचा आकडा दाखवतं.

आता बँडचा आकडा शेजारी ठेवा. चार-पाच ठोके इकडेतिकडे असतील तर बँड ठीक आहे, घरी जा. वीस-तीसचा फरक असेल तर पुढे वाचा.

आणि बोटांनीही तोच विचित्र आकडा आला, तर पुढे वाचू नका.

दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगा वडिलांना घेऊन आला. "पप्पांचं वॉच खुळं झालंय, बसल्या जागी कधी १३५, कधी ११०, परत १४० दाखवतंय." काका साठीचे, शांतपणे स्टुलावर बसलेले. मी सवयीने त्यांचा हात धरला आणि मोजायला लागलो. मला मोजताच येईना. दोन ठोके लगेच, मग मध्ये पोकळी, मग तीन घाईघाईने. वॉच बरोबर होतं. त्यांना मी वॉचसकट रिक्षात बसवून डॉक्टरांकडे पाठवलं. आठ-दहा दिवसांनी मुलगा आला आणि ठोक्यांची लय बिघडलेली निघाली, गोळ्या सुरू झाल्या, असं सांगून गेला. तेव्हापासून दुकानात कुणाचाही बँड हातात घेण्याआधी मी त्याचा हात हातात घेतो. काही लोक बिचकतात, हरकत नाही.

मोठ्या माणसाचे शांत बसल्यावरचे ठोके साधारण मिनिटाला ६० ते १०० असतात. रोज पळणाऱ्या माणसाचे त्याहून कमी असतात, झोपेत तर सगळ्यांचेच उतरतात. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुद्दाम कमी ठेवले जातात, तेव्हा ५५ बघून घाबरायचं कारण नाही. पण शांत बसून, वेगवेगळ्या दिवशी, बोटांनी मोजूनही शंभरच्या वर येत असतील, लय तुटत असेल, किंवा ठोके कमी आणि सोबत चक्कर असेल, तर हे काम माझं नाही, डॉक्टरांचं आहे. छातीत दुखणं किंवा दडपल्यासारखं होणं, हात-जबडा भरून येणं, गार घाम, श्वास न पुरणं, शुद्ध हरपणं, यातलं काही असेल तर बँडकडे बघतसुद्धा बसू नका, १०८ लावा. त्या वेळी बँड ७२ दाखवत असला तरी त्याचा काही उपयोग नाही. मनगटावरची हिरवी लाईट हृदयविकाराचा झटका ओळखत नाही.

पट्टा: सगळ्यात जास्त बँड इथेच 'दुरुस्त' होतात

बँडच्या पाठीमागून हिरवा उजेड कातडीत जातो. रक्त हिरवा रंग शोषून घेतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक नसांत रक्त थोडं वाढतं आणि परत येणारा उजेड थोडा कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये रक्त ओसरतं, उजेड वाढतो. शेजारचा सेन्सर हाच उजेडाचा चढउतार मोजतो. हा चढउतार फार बारीक असतो. काच आणि कातडी यात फट राहिली तर बाहेरचं ऊन आत शिरतं आणि हात हलला की त्या उजेडात हा चढउतार बुडून जातो. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन कसं असतं ते सांगायला नको.

बरेच जण बँड कड्यासारखा घालतात. मनगटाच्या हाडावर, सैल, हात खाली केला की तळहातापर्यंत घसरणारा. हाडावर मांस कमी, वर गोल उंचवटा, त्यामुळे सपाट काच तिथे टेकतच नाही. हाड चाचपा, तिथून कोपराकडे दोन बोटं जागा सोडा आणि तिथे बांधा. पट्टा किती आवळायचा? बँड धरून हलकेच मागेपुढे करा. बँडबरोबर कातडी सरकली तर बरोबर. बँड एकटाच घसरला तर एक भोक पुढे घ्या. काढल्यावर खोल वळ उठत असतील किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर तो जास्त आवळलाय. फार आवळल्यानेही आकडा बिघडतो, कारण जे रक्त मोजायचं तेच तुम्ही दाबून टाकलं.

व्यायामाला एक भोक घट्ट, झाल्यावर परत सैल, ही सवय लावून घ्या. उन्हाळ्यात हात फुगतात, त्यामुळे दुपारी घट्ट वाटणारा पट्टा पहाटे सैल असतो. 'पहाटेच्या फेरीला चुकतो, संध्याकाळी बरोबर' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

पट्ट्याचं रबर जुनं होऊन ताणलं असेल तर भोकं बदलूनही काही होत नाही. नवा पट्टा दोन-तीनशे रुपयांत मिळतो. सोलापुरात तरी मिळतो, माझ्याकडेच मिळतो.

मागची काच पुसलीय का कधी?

आधी ही एक गोष्ट बघा. नव्या बँडच्या पाठीवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी असते, आणि ती तशीच ठेवून सहा-सहा महिने बँड वापरणारी माणसं मी पाहिलीत. "ओरखडे पडू नयेत म्हणून ठेवली." समोरच्या काचेला गार्ड लावा, मागच्या काचेला काहीही लावू नका.

पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात काम करणारे एक अण्णा आले होते. बँड उलटा केला तर सेन्सरच्या उंचवट्याभोवती राखाडी रंगाची गोल कडी. मला आधी ती रबराची सीलच वाटली. नखाने टोकरलं तर नमद्यासारखी सुटून आली. कारखान्यात टॉवेलच्या सुताची लव हवेत उडत असते, ती घामात भिजून, वाळून, परत भिजून, दाबली जाऊन पक्की झाली होती. त्या कडीमुळे बँड कातडीपासून कागदभर वर उचलला जात होता. "किती दिवस झाले काढला नाही?" म्हणून विचारलं. "आंघोळीलाबी काढत नाही की." लाकडी टूथपिकने खाच साफ केली, ओल्या कापडाने पुसलं, आणि तिथल्या तिथे आकडा आला. पण अण्णांची अडचण एवढ्याने सुटली नाही, ते पुढे सांगतो.

लव नसली तर घाम वाळून मीठ असतं, सनस्क्रीन असतं, खोबरेल असतं, आणि बोअरच्या पाण्याने आंघोळ होत असेल तर नळावर बसतो तसला पांढरा थर असतो. पुसायला साधं पाणी आणि चष्म्याचं मऊ कापड पुरतं. रबरी पट्टा काढून सौम्य साबणाने धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. चामड्याचा धुऊ नका. सॅनिटायझर, नेलपॉलिश काढायचं पाणी, ब्लेड यातलं काहीही काचेला लावू नका. त्याने काचेवरचा लेप आणि कडेचा गोंद खराब होतो. मीठ साचून राहिलं की कातडीलाही पुरळ येतं आणि ते पट्ट्याच्या नावावर खपतं. पुरळ आलं असेल तर ते बरं होईपर्यंत बँड दुसऱ्या हातात घाला.

थंडी, गोंदण, बांगड्या

गड्ड्याच्या दिवसांत, म्हणजे संक्रांतीच्या आसपास, पहाटे फिरायला जाणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. पहिली दहा मिनिटं आकडा येत नाही, मग आपोआप येतो. गारठ्यात शरीर हातापायांकडचं रक्त आवरतं घेतं, कातडीजवळच्या नसा आखडतात, आणि बँडला मोजायला पुरेसा चढउतारच मिळत नाही. घरातच पाच मिनिटं हातपाय हलवून बाहेर पडा, स्वेटरची बाही बँडवर ओढून घ्या. दुरुस्तीची गरज नाही.

गोंदलेल्या जागेवर बँड नीट चालत नाही. शाई उजेड अडवते. आपल्याकडच्या आज्यांच्या हातावर मनगटापासून वर गोंदण असतं, आणि नातू कौतुकाने बँड आणून देतो तो नेमका त्यावरच बसतो. नव्या पोरांच्या टॅटूचंही तेच. दुसरा हात वापरा. दोन्ही हातांवर असेल तर बँड मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा, काहींना जमतं.

काचेच्या बांगड्या किंवा पाटल्या बँडच्या खाली असतील तर त्या त्याला ढकलत राहतात. बांगड्या खाली हाताकडे, बँड वर कोपराकडे असं केलं तरी त्या आपटतातच. ज्या हातात बांगड्या कमी तो हात निवडणं बरं.

चालताना १६०: बँड ठोके नाही, पावलं मोजतोय

ही तक्रार सगळ्यात जास्त घाबरवते, म्हणून जरा सविस्तर.

हात झुलला की मनगटातलं रक्तही हिंदकळतं आणि बँडही कातडीवर थोडा हलतो. दोन्हींमुळे उजेडात चढउतार होतो, अगदी ठोक्यासारखाच. बँडमधला हालचालीचा सेन्सर ही हालचाल ओळखून वजा करायचा प्रयत्न करतो. पण पावलांची लय पक्की असेल आणि ठोक्याची खूण कमजोर असेल (सैल पट्टा, गार हात), तर तो पावलांनाच ठोके समजून बसतो. पळताना मिनिटाला १६० ते १८० पावलं पडणं सर्रास असतं, त्यामुळे आकडाही तेवढाच दिसतो आणि तासभर तिथेच चिकटून राहतो.

ओळखायचं कसं? कंबर तलावाच्या बाजूला रोज फिरणारे माझे एक गिऱ्हाईक म्हणायचे, चालायला लागलं की ११८, कधीच कमी होत नाही. मी त्यांच्याबरोबर एका सकाळी गेलो, दुकान उशिरा उघडलं. चालता चालता त्यांची पावलं तीस सेकंद मोजली, ५९ भरली. दुप्पट ११८. मग थांबवून नाडी मोजली तर ९२. चालण्याचा वेग वाढवला तर बँडचा आकडाही लगेच, त्याच हिशोबाने वाढला. हृदय असं पावलाच्या तालावर चालत नाही, वेग वाढवला तरी ठोके जरा सावकाश चढतात.

यावर इलाज असा. थांबा, हात स्थिर ठेवून पंधरा-वीस सेकंद उभे राहा, आकडा खाली येऊ द्या, पट्टा एक भोक आवळा आणि मग परत चालू लागा. मोबाईल हातात धरून चालत असाल तर बँड दुसऱ्या हातात घाला. व्यायाम सुरू करताना बँडवर 'चालणे' किंवा 'पळणे' हा प्रकार निवडा, मग बँड सलग मोजतो आणि हालचाल कुठल्या तऱ्हेची आहे ते त्याला कळतं.

अण्णांची अडचण हीच होती, पण पावलांविना. मागाची थरथर दिवसभर हातात उतरते. काच साफ केल्यावर दुकानात आकडा बरोबर आला, कारखान्यात गेल्यावर परत भरकटला. त्यांना मी सरळ सांगितलं, मागावर असताना हा आकडा बघूच नका, जेवणाच्या सुट्टीतला बघा. खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीचं हँडल धरून चालवतानाही असंच होतं. आणि जिममध्ये डंबेल उचलताना मनगट मागे वळतं, मूठ आवळली की स्नायू फुगून बँड वर उचलला जातो, म्हणून तिथला आकडा कमी येतो. हा बिघाड नाही, या तंत्राची मर्यादा आहे. भराभर जोर लावून लगेच थांबायचा व्यायाम असेल तर मनगटावरचा आकडा काही सेकंद मागेच राहतो.

सेटिंग: इथे पोरांना हाताशी धरा

आलेखात भगदाडं असतील तर बॅटरी वाचवण्यासाठी बँड दहा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने एकदाच मोजत असेल. अ‍ॅपमध्ये ठोक्यांच्या मोजणीचा कालावधी शोधा आणि एक मिनिटावर किंवा 'सलग'वर ठेवा. बॅटरी लवकर उतरेल, ते मान्य करा. बॅटरी बचतीचा मोड चालू असेल तर पुष्कळ बँड मोजणी गुपचूप बंद करतात.

बँडवर आकडा आहे आणि मोबाईलवर नाही, तर बँडला हातच लावू नका. दोष मोबाईलचा आहे. आजकालचे मोबाईल मागे चालणारी अ‍ॅप झोपवून टाकतात. मोबाईलच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन बँडच्या अ‍ॅपवरचं बंधन काढा, ब्लूटूथ बंद करून चालू करा, अ‍ॅप उघडून वरून खाली ओढा, सिंक होतं.

एक गमतीची पण डोकं खाणारी गोष्ट म्हणजे जन्मसाल. एक काकू सांगत होत्या की जिना चढला तरी वॉच काहीच बोलत नाही, शेजारणीचं मात्र लगेच थरथरतं. त्यांचं वय ६२, अ‍ॅपमध्ये जन्मसाल २०००. अ‍ॅप सुरू करताना नातवाने पुढे-पुढे दाबत नेलं होतं. बरेच बँड धोक्याची पातळी वयावरून काढतात, साधारण २२० वजा वय असा ढोबळ हिशोब असतो. काकूंची १५८ च्या आसपास यायला हवी, बँड १९४ धरून बसला होता. आकडा बरोबर, इशारा चुकीचा. वय, वजन, उंची आणि बँड कुठल्या हातात आहे, एवढं एकदा बसून नीट भरा.

रीस्टार्ट, अपडेट, रीसेट

याच क्रमाने. आधी बंद करून चालू करा. मग अ‍ॅपमध्ये अपडेट आलंय का बघा, बँड चार्जरवर ठेवून आणि मोबाईल शेजारी ठेवून ते पूर्ण होऊ द्या, मध्ये उचलू नका. रीसेट अगदी शेवटी, आणि त्याआधी सिंक करून घ्या. बँडवरचा जुना डेटा रीसेटमध्ये जातो आणि मग लोक माझ्यावर चिडतात. गोठलेला आकडा मात्र रीस्टार्टने बऱ्याचदा सुटतो.

लाईट बघा, मग टॉवेल गुंडाळा

दिवा बंद करून अंधारात बँड उलटा धरा आणि मोजणी सुरू करा. हिरवी लाईट लुकलुकली पाहिजे. काही बँड हातात नसल्याचं ओळखून लाईट बंद ठेवतात, तेव्हा हातावर बांधून कडेने डोकवा. काही घड्याळं विश्रांतीच्या वेळी डोळ्याला न दिसणारा अवरक्त उजेड वापरतात. तो मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पुष्कळदा फिकट जांभळा दिसतो. सगळं करूनही लाईट लागत नसेल तर घरचे उपाय संपले.

आता आठवडी बाजारातून, रस्त्यावरून किंवा 'अगदी तस्संच दिसतं' म्हणून घेतलेल्या सात-आठशेच्या वॉचबद्दल. आपला सोलापुरी टॉवेल घट्ट गुंडाळून मनगटाएवढी वळकटी करा आणि वॉच तिला बांधा. टॉवेलला ७४ ठोके आले तर हसू येतं. पण लगेच निकाल देऊ नका. खऱ्या सेन्सरचं वॉचही कधीकधी उजेडाच्या परावर्तनामुळे टॉवेलचे ठोके मोजतं. निकाल जिन्यावर लागतो. वॉच हातात बांधून तीन मजले भराभर चढा आणि लगेच बोटांनी मोजा. नाडी १३० आणि वॉच ७६, परत चढलं तरी ७८, असं असेल तर आत हिरवी लाईट फक्त शोभेला आहे. त्याला दुरुस्ती नाही. मी प्रयत्नही करत नाही.

इथे थांबा

मागची काच तडकलीय, आत धुकं धरलंय, किंवा काच कडेने उचलली गेलीय, तर बँड हातातून काढा. काच उचलली असेल तर बहुधा आतली बॅटरी फुगलेली असते. चार्जिंगला लावू नका, दाबून परत बसवू नका, सुई-टाचणी लावू नका. एकाने फेव्हिक्विकने चिकटवून आणला होता, त्याला मी काउंटरच्या बाहेरच उभा केला.

बँड घरी उघडायच्या भानगडीत पडू नका आणि कुणी चौकात उघडून देतो म्हणाला तरी देऊ नका. मीही उघडत नाही. ही घड्याळं गोंदाने बंद केलेली असतात. एकदा उघडलं की पाणी अडवायची त्यांची ताकद गेली. '५ एटीएम' (पाण्याचा दाब सोसण्याची खूण) लिहिलेलं घड्याळसुद्धा गरम पाण्याच्या वाफेसाठी बनवलेलं नसतं, त्यामुळे बंबाच्या पाण्याने आंघोळ करताना काढून ठेवलेलं बरं. सेन्सर सुटा बदलून मिळणं अवघड, मिळाला तरी बँडच्या किमतीच्या जवळ जातो. वॉरंटीत असेल तर बिल, खोका, चार्जर आणि बँड-ऑक्सिमीटर शेजारी ठेवून काढलेला फोटो घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. "चुकीचं दाखवतं" म्हटलं की तिथला माणूस रीसेट मारून परत देतो. फोटो दाखवला की तक्रार लिहून घेतो.

डॉक्टरांनी ठराविक ठोक्यांच्या आत व्यायाम करायला सांगितला असेल, किंवा मॅरेथॉनची तयारी करत असाल, तर मनगटाशी भांडू नका. छातीचा पट्टा घ्या. तो उजेडाने नाही, हृदयाच्या विजेने मोजतो, ईसीजीच्याच तत्त्वावर, म्हणून हात हलल्याने त्याला फरक पडत नाही. बांधण्याआधी आतल्या दोन पॅडना पाणी लावा, कोरडा राहिला तर तोही वेडेवाकडे आकडे देतो, आणि मग लोक तोही माझ्याकडे घेऊन येतात. छातीला पट्टा नको वाटत असेल तर दंडावर बांधायचा उजेडाचा पट्टा मिळतो. दंड मनगटापेक्षा कमी हलतो आणि तिथे मांसही जास्त असतं.

नवा बँड घ्यायला गेलात तर दुकानातच पट्टा नीट बांधून, बसून एकदा आणि जिना चढून एकदा मोजा, दोन्ही वेळा बोटांनी पडताळा. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. माझ्या दुकानाला जिना नाही. मी गिऱ्हाइकाला चौकापर्यंत पळून यायला सांगतो, फक्त जाताना त्याचा मोबाईल काउंटरवर ठेवून घेतो.